टू-स्ट्रोक एटीव्हीचा प्लग सारखा काळा होतोय? प्लग बदलण्याआधी हे वाचा



मुलांच्या एटीव्ही राईडवरच्या व्हिडिओत जागा, भाडं, दर, हेल्मेट हे सगळं बोलून झालं आणि मशीनच्या देखभालीला शेवटी जेमतेम तीन मिनिटं उरली. त्यात मी "प्लग काळा झाला तर आधी कारण शोधा, मग प्लग बदला" एवढं एकच वाक्य बोलून पुढे गेलो. वाक्य बरोबर आहे, पण अर्धवट आहे. कारण शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते आज सविस्तर लिहितो. यात माझी स्वतःचीही एक चूक आहे, ती पुढे येईलच.

आधी कोणत्या गाडीबद्दल बोलतोय ते बघू. मोठ्या माणसांच्या राईडसाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फोर-स्ट्रोक एटीव्ही असतात, त्यांचा हा विषय नाही. लहान मुलांच्या त्या बुटक्या, रस्सी ओढून सुरू होणाऱ्या ४९ सीसीच्या गाड्या असतात ना, पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणाऱ्या, त्या टू-स्ट्रोक. स्वस्तात मिळतात, म्हणून नवीन माणूस पहिल्यांदा त्याच घेतो. अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात यामाहाची बॅन्शी नावाची मोठी टू-स्ट्रोक एटीव्ही विकली जायची, दोन सिलिंडरची. तिच्यात आणि आपल्या या चिमुकल्या गाडीत ताकदीचा जमीन-अस्मानाचा फरक, पण प्लग काळा होण्याची कारणं अगदी तीच.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाने चार सेकंड हँड गाड्या घेतल्या. गाड्या होत्या अलिबागकडच्या, किनाऱ्यावर चाललेल्या. याने पाचगणीजवळ मैदान भाड्याने घेऊन एप्रिलमध्ये धंदा सुरू केला. पहिल्या आठवड्यापासून तक्रार एकच. गाडी सकाळी नीट चालते, दहा-बारा फेऱ्या झाल्या की मिसिंग मारायला लागते, मग बंद. रस्सी ओढून ओढून हात दुखतो. प्लग काढला की काळाकुट्ट. नवीन टाकला की गाडी चालू. परत दुसऱ्या दिवशी तेच. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री त्याचा फोन आला, "सर, आज तीन प्लग गेले. उद्या रविवार आहे, सहा प्लग आणून ठेवलेत."

सहा प्लग आणून ठेवणं ही त्याला तयारी वाटत होती. आपण जरा हिशोब करू. एक फेरी १०० रुपये धरा, पाच मिनिटांची. चढ-उतार धरून तासाला आठ फेऱ्या. प्लग समजा सव्वाशेचा. पण गाडी बंद पडल्यापासून ती ओढत आणणं, इंजिन थंड होऊ देणं, प्लग काढणं-लावणं, पुन्हा सुरू करणं यात पाऊण तास गेला तर सहा फेऱ्या बुडाल्या, म्हणजे ६०० रुपये. तो खर्च लिहीत होता सव्वाशेचा. शिवाय रांगेत उभं असलेलं मूल रडत आईचा हात धरून शेजारच्या घोड्यावर जाऊन बसलं, तो हिशोब कुठल्याच वहीत येत नाही.

काढलेला प्लग फेकू नका, वाचा

टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबर जळतं, त्यामुळे थोडी काजळी होणारच. प्लगचं टोक पुरेसं तापलं की ती काजळी जळून जाते, प्लग स्वतःला साफ ठेवतो. हे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर लागतं. त्याखाली राहिलं की काजळी साठते, आणि ठिणगी गॅपमधून उडी मारण्याऐवजी काजळीवरून सरळ बॉडीत उतरते. उलट टोक ८५०-९०० अंशांकडे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं, आणि ते पिस्टनच्या मुळावर येतं. म्हणजे प्लगला मधल्या पट्ट्यात ठेवायचं, एवढाच सगळा खेळ.

आता काळ्या-काळ्यात फरक आहे. बोट फिरवल्यावर कोरडी, मऊ, बुक्क्यासारखी काजळी लागली तर पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग या कामासाठी फार थंड आहे. चिकट, ओला, तेलकट काळा असेल तर ऑईल जास्त आहे. काळा नाही पण नुसताच ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, तर गाडी फ्लड झाली आहे किंवा ठिणगीच पडत नाही. कधी कधी प्लग तसा ठीक दिसतो, पण गॅपमध्ये काजळीचा एक बारीक कण पुलासारखा अडकलेला असतो. तो काढला की गाडी सुरू. पांढरीशी मधली चिनीमाती आली तर हसू नका, ते काळ्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. आणि पांढऱ्यावर चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, गाडी तिथेच थांबवा. चांगला चाललेला प्लग चहाच्या रंगाचा, कोरडा दिसतो. दुधाचा चहा धरा, कोरा नको.

त्या मुलाकडचे काढलेले प्लग मी मागवले. त्याने फेकलेले नव्हते, नशीब. सगळे तेलकट काळे होते, आणि तेल पुसल्यावर खाली कोरड्या काजळीचा थर. म्हणजे दोन आजार एकदम.

आधी फुकटच्या गोष्टी

नवीन माणूस लगेच कार्बोरेटर उघडतो, कारण त्यात स्क्रू असतात आणि स्क्रू फिरवला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. माझं ऐका, जेटला हात सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी ऑईलचं माप. तुमच्या गाडीच्या पुस्तकात २५ला १ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑईल. ३२ला १ म्हणजे ३१ मिली, ४०ला १ म्हणजे २५ मिली, ५०ला १ म्हणजे २०. कोणतं प्रमाण ते पुस्तकात बघा, शेजाऱ्याला विचारू नका. या मुलाच्या गाडीला २५ला १ लागत होतं. कामाला ठेवलेला पोरगा ऑईलच्या बाटलीचं झाकण भरून "लिटरला दोन झाकणं" असं टाकायचा. आम्ही ते झाकण मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने मोजलं. एका झाकणात ३५ मिली निघालं. म्हणजे लिटरला ७०. चूक पोराची नाही, त्याच्या हातात कुणी माप दिलंच नव्हतं. सिरिंज किंवा मापाचा कप ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त मशिनरी आहे.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, पुढे लागेल. ऑईल जास्त टाकलं की जेटमधून जाणाऱ्या त्याच थेंबात पेट्रोल थोडं कमी होतं. म्हणजे ऑईलच्या बाबतीत गाडी तेलकट, पण पेट्रोलच्या बाबतीत किंचित लीन. आणि भीतीपोटी ऑईल कमी टाकलं तर घर्षणाने इंजिन जातं. माप म्हणजे माप.

मग चोक पूर्ण उघडतोय का बघा. छोट्या गाड्यांत चोकची पट्टी खाली-वर करताना सैल होते आणि धक्क्याने अर्धी बंद होऊन बसते. एअर फिल्टरचा फोम धुवा. लाल मातीने भरलेला फोम म्हणजे कायमचा लावलेला चोकच. कार्बोरेटरच्या खालून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाही, कचरा असतो किंवा टोक झिजलेलं. सायलेन्सरच्या तोंडात काजळीचा थर असेल तर खरवडून काढा.

ठिणगी बघताना प्लग इंजिनच्या बॉडीला टेकवून रस्सी ओढायची, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, हे लक्षात असू द्या. मुलं जवळ नकोत. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, मरतुकडी असेल तर प्लगची टोपी आणि वायर आधी तपासा. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, नक्की आकडा पुस्तकातला. नवीन प्लग हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने साधारण अर्धा वळसा. जोर दाखवायची जागा ही नाही, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की वेगळाच खर्च.

या सगळ्यानंतर त्या चार गाड्यांपैकी दोन गाड्या बऱ्यापैकी सुधारल्या. फक्त ऑईलच्या मापाने. उरलेल्या दोन्हींचे प्लग आता तेलकट नव्हते, पण कोरडे काळे येत होते.

मुलांच्या राईडचा खास त्रास

या गाड्यांना थ्रॉटलजवळ एक लिमिटरचा स्क्रू असतो. सुरक्षिततेसाठी तो आपण आत घेतो, म्हणजे पोर कितीही दाबलं तरी गाडी ठराविक वेगाच्या वर जात नाही. बरोबरच आहे. पण त्यामुळे इंजिन दिवसभर अर्ध्या थ्रॉटलवर रेंगाळतं, प्लग कधी पुरेसा तापतच नाही. पाच मिनिटं फेरी, दहा मिनिटं उभी, पुन्हा थंड. अशा कामाला पुस्तकात दिलेल्यापेक्षा एक पायरी गरम प्लग चालू शकतो. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका लहान तितका प्लग गरम. ८ च्या जागी ७ म्हणजे एक पायरी गरम. बॉशमध्ये हेच उलट आहे, म्हणून दुकानात "एक नंबर कमी द्या" एवढंच बोलू नका. गरम म्हणजे ठिणगी मोठी असं नाही, टोकाची उष्णता हेडमध्ये हळू जाते इतकंच. आणि एकच पायरी. गरम प्लग लावून जास्तीचं पेट्रोल झाकायचं नाही.

त्यापेक्षा मला आवडतो तो सोपा उपाय म्हणजे दर तास-दोन तासांनी मैदान रिकामं असताना कामगाराने गाडी दोन मिनिटं जरा जोरात फिरवून आणायची. काजळी जळते.

आता जेट

हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण कार्बोरेटर ठरवतो, आणि जेट म्हणजे पेट्रोलच्या वाटेवरचं पितळी बारीक भोक. सुई असलेल्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल बंद ते एक अष्टमांश उघडं असेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य असतं. एक अष्टमांश ते पाव यात स्लाइडच्या खालच्या कापाचा आकार, पाव ते पाऊण सुई, आणि पाऊणच्या वर मेन जेट. याचा अर्थ काय? लिमिटरमुळे गाडी अर्ध्याच्या वर उघडतच नसेल तर मेन जेट बदलून फारसा फायदा नाही, सुईची क्लिप बघायला हवी. क्लिप वरच्या खाचेत लावली की सुई खाली उतरते, पेट्रोल कमी. खालच्या खाचेत लावली की जास्त. बऱ्याच जणांचं हे उलट होतं, म्हणून एकदा सुई हातात धरून खात्री करा.

४९ सीसीच्या कित्येक गाड्यांत मात्र इतका साधा कार्बोरेटर येतो की त्यात सुईच नसते. तिथे जवळजवळ सगळा कारभार एका मेन जेटवर. या मुलाच्या गाड्या अशाच होत्या.

उरलेल्या दोन गाड्यांत जेट निघाला ६२ नंबरचा. डेलॉर्टो पद्धतीच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ६२ म्हणजे ०.६२ मिलिमीटर. मिकुनीचे षटकोनी मेन जेट प्रवाहावर मोजलेले असतात, त्यामुळे एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीला लावू नका. आणि कृपा करून जेटच्या भोकात तार घालून साफ करू नका. ०.६२ चं ०.६५ झालं तर डोळ्यांना दिसणारही नाही, प्लगला मात्र दिसेल. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत, बस.

किनाऱ्यावर हाच ६२ नंबर ठीक चालत होता, मग इथे काय झालं? पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा अलिबागपेक्षा साधारण १२ टक्के विरळ. इंजिनात हवा कमी गेली, जेट तेवढाच राहिला, म्हणजे पेट्रोल जास्त झालं. गाडी बिघडलीच नव्हती, फक्त गाव बदललं होतं.

आम्ही ६२ काढून ६० टाकला. फरक पडला, तरी प्लग थोडा काळपट होता. मग ५८ टाकला. प्लग चहाच्या रंगाचा, गाडी झकास. जून उजाडेपर्यंत चारही गाड्या नीट चालल्या. त्याने मला पेढे आणून दिले.

आणि मग डिसेंबर

माझी चूक ती ही. एक, ६०वर मी थांबायला हवं होतं. थोडा काळपट प्लग ही मंद चालणाऱ्या गाडीची सुरक्षित बाजू असते. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, मी त्याला सांगितलंच नाही की हा जेट फक्त या डोंगरासाठी आहे.

नाताळच्या आठवड्यात त्याला किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचं काम मिळालं. दोन गाड्या टेम्पोत टाकून खाली नेल्या. सकाळची गार, समुद्रसपाटीची दाट हवा आणि जेट ५८. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. त्यात वाळूत चाकं रुततात, गाडी ओढत नाही, म्हणून कामगाराने लिमिटरचा स्क्रू पूर्ण सोडला. पेट्रोल कमी, थ्रॉटल पूर्ण, वर वाळूचा भार. पहिला दिवस गेला, उलट गाडी एकदम तरतरीत वाटत होती. लीन झालेली टू-स्ट्रोक मरायच्या आधी छान पळते, हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीच्या मध्येच आवाज बारीक झाला, कुणी ब्रेक लावल्यासारखी गाडी बसली आणि इंजिन धरलं. गाडीवर नऊ वर्षांची मुलगी होती. सेंट्रिफ्युगल क्लच असल्यामुळे चाकं अडकली नाहीत, गाडी आपसूक थांबली, तिला काही झालं नाही. पिस्टन, रिंगा, सिलिंडर सगळं गेलं. आठवड्याचं काम एका गाडीवर करावं लागलं.

काळ्या प्लगने त्याला दोन महिन्यांत जितका तोटा केला नव्हता, तितका या एका दुपारने केला. म्हणून जेट बदलताना नेहमी मोठ्या नंबरकडून लहानाकडे या, एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला नवीन प्लग लावून तपासा. एका वेळी एकच बदल. जेट, प्लग आणि ऑईल तिन्ही एकदम बदललं तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जेट लहान करण्याआधी कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर आणि गॅस्केट तपासा. तिथे चीर असेल तर हवा बाहेरून आत येते आणि गाडी आपोआप लीन होते. थ्रॉटल सोडल्यावरही आवाज लगेच खाली येत नसेल तर संशय तिथेच घ्या.

अजून एक, आजकाल पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याच जेटवर असं पेट्रोल थोडं लीन चालतं, शिवाय ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात गाड्या उभ्या करताना टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. नाहीतर ऑक्टोबरमध्ये जेट बुजलेला सापडेल आणि दिवाळीची गर्दी समोर उभी असेल.

त्या मुलाने आता प्रत्येक गाडीच्या सीटखाली पत्र्याची छोटी पट्टी रिव्हेट केली आहे. त्यावर रंगाने लिहिलंय: वर ६०, खाली ६२, लिटरला ४० मिली. गल्ल्यात ६२ चे चार जेट वेगळ्या डबीत ठेवले आहेत, आणि टेम्पो घाट उतरण्याआधी ती डबी गाडीत आहे का हे तो स्वतः बघतो, कामगारावर सोडत नाही.